एकजीव

व्याही यायचे असले की आमच्याकडे कप बदलतात. रोजचे कानतुटके कप ओट्याखाली जातात आणि वर्षातून दोनदा उजेड पाहणारे सोनेरी काठाचे सहा कप कपाटातून बाहेर येतात. गेल्या पावसाळ्यात असेच ते बाहेर आले. मुलीच्या लग्नाला चार महिने झाले होते, व्याही आणि विहीणबाई पहिल्यांदाच निवांत बसायला आले होते, आणि बायको नेमकी देवळात गेलेली, ती तिथेच पावसात अडकली. चहा माझ्या गळ्यात पडला.

व्याह्यांना डॉक्टरांनी साखर बंद केली आहे. “साखर नको, गूळ चालेल,” असं ते संन्यास घेतल्यासारख्या चेहऱ्याने म्हणाले. गूळ म्हणजे बहुतांशी साखरच, हे माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. पण मुलीच्या सासऱ्याला रसायनशास्त्र शिकवू नये, एवढं व्यवहारज्ञान मला आहे.

पाणी, दूध, चहा, किसलेलं आलं आणि गुळाचा एक घसघशीत खडा असं सगळं एकाच पातेल्यात घालून मी गॅस मोठा केला. पहिली उकळी छान आली. दुसऱ्या उकळीला पातेल्यात काहीतरी बिनसलं. बघता बघता खाली तपकिरी पाणी आणि वर पांढऱ्या चिंध्या. मी गॅस बारीक केला, पळीने ढवळलं, पातेलं उचलून हलवलं, फुंकर मारली. फाटलेल्या दुधावर फुंकर मारून काय होणार, हे मला विचारू नका. त्या क्षणी माणूस काहीही करतो.

“अहो, मी येऊ का मदतीला?” बाहेरून विहीणबाईंचा आवाज आला.

“नको नको, झालाच!” मी म्हणालो. ते खरंच होतं. झालाच होता.

नामुष्की चहा फाटल्याची नाही. चहा कोणाचाही फाटतो. नामुष्की ही की मी एकतीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं, आणि माझा हातखंडा धडा ‘मिश्रणे व द्रावणे’ हा होता. फळ्यावर तीन रकाने आखायचे: द्रावण, कलिल, निलंबन. पहिल्यात मीठपाणी, दुसऱ्यात दूध, तिसऱ्यात गढूळ पाणी. पोरं वहीत उतरवून घ्यायची, मी हात झटकून खडूची पूड उडवायचो, तास संपायचा. दुधाला मी दुसऱ्या रकान्यात बसवून निर्धास्त होतो. ते तिथे किती तात्पुरतं बसलेलं असतं, हे कळायला व्याही यावे लागले.

त्या धड्यातल्या शब्दांनी मला तशी बरीच करमणूक पुरवली. ‘निलंबन’ शिकवताना मी विचारायचो, निलंबित कणांचं पुढे काय होतं? उत्तर अपेक्षित असायचं की ते काही वेळाने तळाशी बसतात. एका पोराने उभं राहून सांगितलं, “सर, ते सहा महिन्यांनी परत कामावर येतात.” त्याचे वडील कुठल्याशा सरकारी कचेरीत होते. तेलाचे थेंब पाण्यात विखुरले की त्याला शास्त्रात ‘पायस’ म्हणतात. परीक्षेत ‘पायस म्हणजे काय?’ या प्रश्नाला वर्गातल्या निम्म्या मुलींनी खिरीची कृती लिहिली होती, वेलदोड्यासकट. मी अर्धे गुण दिले. खिरीत दूध असतं आणि दुधात स्निग्धाचे थेंब विखुरलेले असतात, तेव्हा पूर्ण द्यायला हवे होते असं आता वाटतं.

आणि ‘विसरण’! साखरेचे कण न ढवळताही पाण्यात हळूहळू पसरत जातात त्याला विसरण म्हणायचं. हा शब्द ज्याने केला त्याच्या घरी लोणचं होत असणार. कैरीच्या फोडी, मीठ, मोहरी, तिखट, वरून तेल, बरणीला दादरा बांधला, माळ्यावर ठेवली, आणि मग विसरायचं. मीठ फोडीतलं पाणी बाहेर ओढतं, त्या पाण्यात स्वतः विरघळतं आणि खार होऊन फोडीत शिरतं. आई त्याला ‘मुरणं’ म्हणायची. मुरण्यात वेळ आला, चव आली, फोडीचा मऊपणा आला, शिवाय सतत झाकण उघडून बघणाऱ्याला मिळणारी शिवीही आली. पाठ्यपुस्तकात हे सगळं सांगायला दीड पान लागतं.

खरं सांगायचं तर मिश्रणांच्या बाबतीत स्वयंपाकघराची भाषा आमच्या धड्यापेक्षा कितीतरी बारीक आहे. कालवणं वेगळं, फेटणं वेगळं, घुसळणं वेगळं, ढवळणं त्याहून वेगळं. दूध फाटतं, पण कढी फुटते. कोशिंबिरीला पाणी सुटतं, मसाल्याला तेल सुटतं. पिठाची गुठळी होते, तुपाची कणी पडते, श्रीखंड सैल होतं, लाडवाचा दगड होतो. मी मुलांना ‘समांगी’ आणि ‘विषमांगी’ असे दोनच शब्द दिले आणि तेही पाठ करायला लावले.

एका शब्दाबद्दल मात्र माझी तक्रार आहे. तो म्हणजे ‘एकजीव’. पाककृतीच्या कुठल्याही पुस्तकात दर तिसऱ्या ओळीला हा शब्द भेटतो. मिश्रण एकजीव होईपर्यंत ढवळा. सगळं एकजीव झालं की गॅस बंद करा. नव्या सुनेने विचारावं, म्हणजे कधी? उत्तर ठरलेलं: कळतं ते. मी निवृत्तीनंतर ओट्याशी उभा राहून बारकाईने पाहिलं आणि माझं मत असं झालं की अख्ख्या स्वयंपाकघरात एकजीव असं फार थोडं असतं. साखर पाण्यात विरघळली की होते, मीठ होतं, व्हिनेगर असलं तर तेही. बाकी सगळा तात्पुरता तह असतो.

दुधाचंच घ्या. १८६१ साली टॉमस ग्रॅहॅम नावाच्या स्कॉटिश रसायनशास्त्रज्ञाने अशा अधल्यामधल्या पदार्थांना नाव दिलं, ते ग्रीक भाषेतल्या ‘डिंका’वरून, आपण त्याला कलिल म्हणतो. दुधात केसीन या प्रथिनाचे गोळे तरंगत असतात, एकेक साधारण मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाएवढा. प्रत्येकाच्या अंगावर ऋण विद्युतभार. त्यामुळे ते एकमेकांच्या जवळ आले की दूर ढकलले जातात, आणि ही भाऊबंदकी चालू आहे तोवर दूध आपल्याला गुळगुळीत, पांढरंशुभ्र, सात्त्विक वगैरे दिसतं. दुधाचा सामू सुमारे ६.७ असतो. आंबटपणा वाढत वाढत तो ४.६ वर आला की भार संपतो, भांडण मिटतं, आणि मिटलं की सगळे गळ्यात गळे घालून गोळा होतात. आपण म्हणतो दूध नासलं. भांडण होतं तोवर दूध, समेट झाला की पनीर. यावरून संसाराला उपमा देण्याचा मोह मी आवरतो, कारण ती प्रत्येक स्वागत समारंभात एक काका देतातच.

माझ्या पातेल्यात सामू ४.६ पर्यंत खाली आला नव्हता. पण गूळ थोडा आंबट असतो, त्यात क्षार असतात, आणि दूध कडकडीत तापलेलं असलं की त्याला एवढंही निमित्त पुरतं. त्यात आलं. कच्च्या आल्यात प्रथिनं तोडणारं एक विकर असतं. दुधात आलं तसंच घातलं तर ते केसीनच्या त्या संरक्षणावरच घाव घालतं. म्हणून आलं आधी पाण्यात खळखळून उकळायचं, की ते विकर निकामी होतं. हे सगळं मला माहीत होतं. पण ते डोक्यात होतं आणि चहा पातेल्यात होता.

बायको आली. तिने पातेल्यात एकदा पाहिलं, माझ्याकडे एकदा पाहिलं, पदर खोचला. पाण्यात गूळ, चहा आणि आलं उकळलं, गॅस बंद केला, दुसऱ्या भांड्यात तापवलेलं दूध वरून ओतलं, झाकण ठेवलं. तिने ‘सामू’ हा शब्द आयुष्यात उच्चारलेला नाही. माझ्या चहातल्या चिंध्या तिने फडक्यात बांधून ठेवल्या आणि दुसऱ्या दिवशी थालीपिठात घातल्या. व्याही “वा!” म्हणाले आणि चहाचं श्रेय मला दिलं. बायको गप्प बसली. ते मौन अजून अधूनमधून वापरलं जातं.

त्यानंतर मी ठरवलं की स्वयंपाक शिकायचा. आपला विषयच आहे.

सुरुवात पिठल्याने केली. सोपं म्हणून. पिठलं सोपं आहे असं ज्याने ठरवलं त्याने ते फक्त खाल्लेलं असावं. फोडणी केली, पाणी ओतलं, पाण्याला आधण आलं आणि मी त्यात वाटीभर बेसन एकदम घातलं. पुढच्या पाच सेकंदांत जे झालं त्याचं कारण मी अजूनही उत्तम शिकवू शकतो: गरम पाणी लागताक्षणी पिठाच्या ढेकळाच्या बाहेरच्या बाजूचे स्टार्चचे कण पाणी पिऊन फुगतात, एकमेकांना चिकटतात आणि त्यांचं एक चिकट कवच तयार होतं. पाणी आत जाऊ शकत नाही. आतलं पीठ कोरडं ठणठणीत राहतं, जणू किल्ल्याचे दरवाजे लावून घेतलेत. पळीने कितीही ठोका, किल्ला पडत नाही. फक्त त्याचे दोन छोटे किल्ले होतात. आधी गार पाण्यात किंवा ताकात पीठ कालवलं तर प्रत्येक कणाला पाणी मिळतं आणि मग सगळे मिळून बरोबर फुगतात. नाहीतर आईसारखं करावं, एका हाताने पीठ भुरभुरवावं, दुसऱ्या हाताने ढवळावं, आणि तोंडाने शेजारणीशी बोलावं. हे तिसरं जमल्याशिवाय पहिली दोन जमत नाहीत असा माझा अनुभव आहे.

पान वाढलं. बायकोने गुठळी फोडली. आतून पिवळी पूड सांडली.

“गाठीचं पिठलं का?” ती म्हणाली. “माझी आजी मुद्दाम करायची.”

माझ्या अपयशाला आधीपासून नाव होतं आणि ते कुणाच्या तरी माहेरची खासियत होतं, हे ऐकून मला कसं वाटलं ते सांगता येत नाही.

तेलाचा भाग मला मिसळीने शिकवला. ‘मिसळ’ या शब्दाचा अर्थच मिश्रण, आणि मिश्रणाचा याहून प्रामाणिक नमुना मला माहीत नाही. फरसाण, मटकी, कांदा, कोथिंबीर, सगळं आपापल्या जागी ओळखू येतं, कोणी एकजीव झाल्याचं सोंग करत नाही. वर तरंगतो तो कट, नागपूरकडे तर्री. तो लाल का आणि वर का, ही दोन्ही उत्तरं एकाच गोष्टीत आहेत. मिरचीचा लाल रंग आणि तिचा जाळ करणारं कॅप्सेसिन, दोघांचंही पाण्याशी वाकडं, तेलाशी सूत. फोडणीच्या तेलात ते आधीच उतरतात, आणि तेल पाण्यापेक्षा हलकं म्हणून वर येतं. म्हणजे मिसळीतला सगळा विस्तव वरच्या बोटभर थरात असतो आणि पहिला घास तिथलाच घेतला जातो. मग माणूस पाण्याचा ग्लास उचलतो. पाण्यात ते विरघळत नाही. जिभेवर लागलेला जाळ फक्त गालभर पसरतो. दही किंवा दूध घेतलं तर केसीन कॅप्सेसिनला धरून ओढून नेतं. मिसळीबरोबर दह्याची वाटी देणाऱ्याने हे प्रयोगशाळेत शोधलेलं नाही. आणि ‘दही घालणं म्हणजे मिसळीचा अपमान’ असं म्हणणाऱ्या माझ्या कोल्हापूरच्या मेहुण्याने तर नाहीच नाही. तो पाणी पितो आणि रडतो, पण ताठ मानेने.

हळदीचंही तेच. तिच्यातलं कर्क्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तेलात विरघळतं, म्हणून हळद फोडणीत. सदऱ्यावर वरणाचा डाग पडला आणि त्याला साबण लावला की तो लाल होतो, कारण अल्कलीत कर्क्युमिनचा रंग बदलतो. हळदीत चुना घालून कुंकू करणाऱ्यांना ही गोष्ट शेकडो वर्षं माहीत होती. मला ती सदऱ्यावर कळली.

खरकटी तेलकट भांडी घासण्याचं काम मिसळीनंतर माझ्याकडे लागलं. त्या निमित्ताने मला आग्नेस पोकेल्स आठवल्या. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला जर्मनीतल्या ब्राउनश्वाइग गावात त्या आजारी आईवडिलांचं करत घर सांभाळत होत्या. मुलींना विद्यापीठात प्रवेश नव्हता. धाकटा भाऊ भौतिकशास्त्र शिकत होता, त्याची पुस्तकं त्या वाचत. भांड्यांच्या पाण्यावर तेलाचा तवंग आला की पाण्याच्या पृष्ठभागाचं वागणं बदलतं, हे त्यांनी पाहिलं, त्यासाठी पत्र्याची एक चपटी पन्हाळ बनवून घेतली आणि पृष्ठताण मोजायला सुरुवात केली. १८९१ साली त्यांनी लॉर्ड रॅली यांना पत्र लिहून आपली निरीक्षणं कळवली. रॅलींच्या पत्नीने पत्राचं इंग्रजी भाषांतर केलं आणि रॅलींनी ते ‘नेचर’ या नियतकालिकाला पाठवून छापवलं. तशाच पन्हाळीवर पुढे कित्येकांची संशोधनं उभी राहिली. बाईंना मानद डॉक्टरेट मिळाली ती १९३२ साली, त्यांच्या सत्तरीत.

ही गोष्ट मी बायकोला मोठ्या भक्तिभावाने सांगितली. ती म्हणाली, “बघा, आणि तुम्ही नुसती कढई घासताय.”

शेवटी पाक. स्वयंपाकघरात माझी शास्त्रज्ञ म्हणून काही अब्रू उरली होती ती पाकाने घालवली. शंभर मिलिलिटर पाण्यात साध्या तापमानाला सुमारे २०० ग्रॅम साखर मावते आणि मीठ जेमतेम ३६ ग्रॅम. पाणी उकळीला आणलं तर मीठ ३९ वर अडकतं, साखर मात्र ४८० च्या पुढे जाते. निसर्गाने साखरेला हा सैलपणा दिला म्हणून आपल्याकडे लाडू आहेत. मिठाला दिला असता तर काय वाढून ठेवलं असतं कोण जाणे. पाक उकळत जातो तसं पाणी कमी होतं, गोडी दाटते आणि उकळण्याचं तापमान चढतं. एकतारीला ते शंभराच्या थोडं वर असतं, गोळीबंदला ११२ ते ११६ अंश. त्या वेळी पातेल्यात साधारण ८५ टक्के साखरच असते. थेट दीडशेच्या आसपास गेलं तर चिक्कीचा कडक पाक, जो गार झाला की काचेसारखा मोडतो. काचेसारखा म्हणजे खरंच तसा: त्यात साखरेच्या रेणूंना ओळीत उभं राहायला वेळच मिळालेला नसतो.

तर तापमानावरून सगळं कळतं. मी दुकानातून स्वयंपाकाचा तापमापक आणला. दिवाळीत रव्याचे पाकातले लाडू करायचे होते. बायको पळीवरचा थेंब अंगठा आणि तर्जनीत धरून तार बघायला निघाली तेव्हा मी म्हटलं, “अगं, चटका बसेल. हे घे.”

तापमापक पातेल्यात उभा केला. चष्म्यावर वाफ आली. चष्मा पुसला, तोवर आकडा पुढे गेला. काडी तळाला टेकली होती की नव्हती यावर आमचं एकमत होईना. मी काडी उचलली, ती पातेल्याच्या काठाला लागली, काठावर वाळलेल्या साखरेचे चार कण पाकात पडले. पाक तेव्हा इतका दाटलेला असतो की त्याला फक्त एक निमित्त हवं असतं. एक स्फटिक आत पडला की बाकीची साखर त्याला बघून रांगेत उभी राहते. लिंबाचे चार थेंब घातले असते तर थोड्या साखरेची ग्लुकोज आणि फ्रुक्टोजमध्ये फूट पडली असती आणि ती फुटीर मंडळी रांगेत घुसून रांग मोडत राहिली असती. लिंबू मी नंतर घालणार होतो.

पातेल्यात पांढरा, रवाळ, घट्ट ऐवज तयार झाला. “आत्याबाईंचा हलवा झाला,” बायको म्हणाली. आत्याबाई संक्रांतीला काटेरी हलवा करायच्या. पौषातली कोरडी थंडी, मंद शेगडीवर परात, परातीत तीळ आणि खसखस, आणि दिवसदिवसभर चमचा-अर्धा चमचा पाक टाकत बोटांनी घोळवत राहायचं. एकेका दाण्यावर साखरेचे काटे उभे राहायचे, एखाद्या छोट्या कदंबाच्या फुलासारखे. स्फटिक कसा वाढतो हे मी फळ्यावर रंगीत खडूने काढायचो, आत्याबाई ते परातीत वाढवायच्या, आणि त्यांच्या बोटांच्या टोकांना कायमचे घट्टे पडलेले होते. आम्ही पोरं ते चार मिनिटांत खाऊन टाकायचो.

तो पाक बायकोने पाणी आणि लिंबू घालून पुन्हा विरघळवला. अंगठा आणि तर्जनी. एक तार. “हं,” ती म्हणाली. मी चोरून तापमापक बघितला आणि काही बोललो नाही. लाडू मऊ झाले. पहिल्या घाण्यातले सहा मी वळले होते, ते अजून डब्यात आहेत. कपाटाचं दार वाऱ्याने आपटू नये म्हणून एक बाहेर काढलेला आहे.

एक गोष्ट मात्र मला जमली. लोणी कढवणं. लोण्यात १६ टक्क्यांच्या आसपास पाणी असतं, बारीक बारीक थेंबांच्या रूपात स्निग्धात अडकलेलं. ताक घुसळताना आधी पाण्यात लोण्याचे कण असतात आणि मग एका क्षणी सगळं उलटतं, लोण्यात पाण्याचे थेंब होतात. कढवायला ठेवलं की ते थेंब उकळून तडतडतात. तडतड मंदावली, खाली बेरी तांबूस झाली, घरभर वास सुटला, की तूप झालं. यात आकडा नाही, तार नाही, फक्त कान लावून उभं राहायचं. वर्गात पाठमोरं उभं राहून मागच्या बाकावरची कुजबुज कधी थांबली ते ओळखायची एकतीस वर्षांची सवय अशी कामी आली.

गेल्या रविवारी व्याह्यांनी आम्हाला चहाला बोलावलं. विहीणबाई भिशीला गेल्या होत्या. “आज मीच करतो,” व्याही उत्साहाने म्हणाले. “तुमच्याकडचा तो गुळाचा चहा आठवतो बघा अजून!” आणि आत गेले. मी बैठकीतून बघत होतो. त्यांनी पातेल्यात पाणी घातलं. दूध घातलं. आलं किसलं. गुळाचा खडा टाकला. गॅस मोठा केला.

मी अर्धवट उठलो. बायकोने माझ्या शर्टाची बाही धरली आणि खाली बसवलं. मुलीचं सासर आहे.

बऱ्याच वेळाने कप आले. सोनेरी काठाचेच होते. वर तपकिरी पाणी होतं आणि बुडाशी काय होतं ते बायकोला आणि मला एकाच वेळी दिसलं. व्याही समोर बसून आमच्या तोंडाकडे बघत होते.

“कसा झालाय?”

मी एक घोट घेतला, दातांत अडकलेलं गिळलं, आणि म्हणालो, “एकजीव.”